तेल्हाऱ्याच्या शेतातली जपानी अक्षरं

शनिवार आहे, चहाचा दुसरा कप समोर आहे, आणि टेबलावर एक जुना हिरवट डिस्प्ले पडलाय. सोळा अक्षरांच्या दोन ओळी. ज्यांनी इंजिनियरिंगला प्रोजेक्टच्या नावाखाली रात्री जागवल्यात, त्यांना हा डिस्प्ले दाखवायची गरज नाही. बाकीच्यांनी झेरॉक्सच्या दुकानातलं मशीन आठवा, त्याच्या कपाळावरची पट्टी तीच. आज हिचा इतिहास सांगायचाय. पण सुरुवात तेल्हाऱ्यापासून.

डिसेंबर २००७. मी पुण्यात नोकरीला लागून दीड वर्ष झालं होतं. दिवाळीच्या सुट्टीत काकांच्या विहिरीवरच्या मोटरसाठी एक डबा बनवून दिला होता. आत ८०५१ जातीचा मायक्रोकंट्रोलर, तीन रिले, आणि समोर हा डिस्प्ले. तिन्ही फेज नीट असतील तरच मोटर चालू करायची, विहिरीतलं पाणी खाली गेलं की बंद करायची, आणि काय चाललंय ते दोन ओळींत लिहायचं, एवढंच काम. काकांचा हरभरा फुलावर होता. त्या आठवड्यात लाइन रात्रीची होती. आणि रात्री दीडला फोन आला.

"तुह्या मशिनीवर चिनी अक्षरं येऊन राह्यले रे! काहून?"

मी झोपेत. म्हटलं, काका, काही नाही होत, चालू ठेवा. पण तोवर त्यांनी मेन स्विच पाडला होता. त्यांचं बरोबरच होतं. ज्या डब्यावर विश्वास ठेवायचा, तोच डबा भलत्या भाषेत बोलायला लागला तर अंधारात उभा असलेला माणूस दुसरं काय करणार? मोटर जळली तर रिवाइंडिंगचा खर्च, वर चार-पाच दिवस पाणी बंद. ती रात्र कोरडी गेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी जुना स्टार्टर परत लावला आणि माझा डबा खुंटीला टांगला. फोनवर एवढंच म्हणाले, "राहू दे, तुले टाइम भेटला की पाहून घेजो." रागावले असते तर बरं वाटलं असतं.

शुक्रवारी रात्रीची गाडी पकडली.

घरी पोचल्यावर आधी काकांची साक्ष काढली. ती कोणत्याही ऑसिलोस्कोपपेक्षा भारी निघाली. ते म्हणाले, "लाइन एकदा झपकन जाऊन आली की चिनी. अजून एकदा झपकली की इंग्रजी. पूर्ण जाऊन घंट्याभरानं आली तं इंग्रजीच राह्यते." म्हणजे एकाआड एक. सॉफ्टवेअरवाल्यांनो, असं एकाआड एक बिघडणारं काही दिसलं की समजायचं, कुठेतरी काहीतरी अर्ध्यानं सरकलंय.

आणि दुसरा पुरावा म्हणजे ती अक्षरं. ती चिनी नव्हतीच. डेटाशीटच्या शेवटी जो तक्ता असतो त्यात बोट फिरवून पाहिलं, तर ती काताकाना निघाली, जपानी लिपी. तेल्हाऱ्यापासून चार किलोमीटरवरच्या शेतात, विहिरीच्या काठी, काताकाना! ती तिथे आली कुठून, याचं उत्तर शोधताना हा सगळा इतिहास हाती लागला.

थोडं मागे जाऊ. १८८८ साली प्राग शहरात फ्रीडरिश राइनित्झर नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातल्या कोलेस्टेरॉलपासून बनवलेला एक पदार्थ तापवत होता. तो पदार्थ दोनदा वितळला. १४५.५ अंशाला वितळून गढूळ द्रव झाला, आणि १७८.५ अंशाला तो द्रव स्वच्छ झाला. मधल्या अवस्थेत तो वाहतोही आणि स्फटिकासारखा प्रकाशाशी खेळतोही. त्यानं हे नमुने ऑटो लेहमान या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाकडे पाठवले, आणि त्यातून 'द्रवस्फटिक' ही कल्पना रुजली. पुढची ऐंशी वर्षं ही बहुतेक प्रयोगशाळेतलीच गंमत राहिली.

१९६८ मध्ये अमेरिकेत आरसीए कंपनीच्या जॉर्ज हाइलमायरच्या चमूनं विजेवर चालणारा द्रवस्फटिक डिस्प्ले जगाला दाखवला. पण त्याची पद्धत वेगळी होती, आणि तिला वीजही जास्त लागायची. आज आपण जो ओळखतो तो पिळाचा प्रकार १९७० चा. स्वित्झर्लंडमध्ये हॉफमन-ला रॉश कंपनीत मार्टिन शाड्ट आणि वोल्फगांग हेलफ्रिश यांनी तो शोधला. दोन काचांमध्ये रेणू जिन्यासारखे पाव वेढा फिरलेले असतात. व्होल्टेज दिलं की ते सरळ उभे राहतात, आणि त्यातून जाणारा प्रकाश अडतो. वीज जवळजवळ लागतच नाही.

अडचण एकच होती, तापमान. १९७३ मध्ये इंग्लंडच्या हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांच्या गटानं टिकाऊ रेणू बनवले. त्यातला सगळ्यात प्रसिद्ध रेणू साधारण ३५ अंशाला आपली द्रवस्फटिक अवस्था सोडतो. तेल्हाऱ्यात तो मार्चमध्येच संपला असता :-) म्हणून असे तीन-चार रेणू मिसळून जास्त तापमानाला टिकणारी मिश्रणं करावी लागली. आपल्या डब्यांतले डिस्प्ले अशाच मिश्रणांवर चालतात. तरी उष्णता त्यांना कळतेच. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत तो डिस्प्ले काळवंडायचा, कारण गरम झाल्यावर रेणू कमी व्होल्टेजलाही उभे राहतात. तेव्हा कॉन्ट्रास्टचा छोटा पॉट स्क्रू-ड्रायव्हरनं थोडा फिरवायचा. काका ते शिकले होते. त्याला ते 'चष्मा पुसणं' म्हणायचे.

यात आपल्या देशाचंही नाव आहे, आणि ते बऱ्याच जणांना माहीत नसतं. १९७७ साली बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चकतीच्या आकाराच्या रेणूंचाही द्रवस्फटिक होतो हे दाखवलं. तोवर लांबट, काडीसारखे रेणूच लागतात असा समज होता. हे चंद्रशेखर म्हणजे सी. व्ही. रामन यांचे भाचे. (नोबेलवाले चंद्रशेखर वेगळे. ते रामन यांचे पुतणे.)

आता जपान. १९७३ मध्ये शार्पनं द्रवस्फटिकाचा खिशातला कॅल्क्युलेटर बाजारात आणला, त्याच वर्षी सेइकोनं आकडे दाखवणारं घड्याळ. आकड्यांना सात पट्ट्या पुरतात. पण मशीनला 'कागद संपला' असं म्हणायचं असेल तर अक्षरं लागतात, आणि एकेका अक्षराला ५ गुणिले ८ असे चाळीस ठिपके. सोळा अक्षरांच्या दोन ओळी म्हणजे १२८० ठिपके. ते सतत ताजे ठेवायचं काम मुख्य प्रोसेसरवर टाकलं तर तो बिचारा दुसरं काहीच करणार नाही. म्हणून ऐंशीच्या दशकात हिताची कंपनीनं एचडी ४४७८० नावाची चिप आणली. तिला फक्त अक्षराचा क्रमांक द्यायचा, ठिपक्यांचं ती बघते. ८० अक्षरांची स्वतःची मेमरी, आणि आत कायमचा कोरलेला अक्षरांचा साचा. कंपनी जपानी, त्यामुळे एका साच्यात रोमन अक्षरांच्या पुढे काताकाना. इंग्रजी तक्त्यात जिथे उलटी तिरपी रेघ हवी, तिथे येनचं चिन्ह! हीच चिप इतकी चालली की सॅमसंगपासून तैवानच्या सिट्रॉनिक्सपर्यंत अनेकांनी तिच्यासारख्या चिपा बनवल्या, त्याच आज्ञा, तेच साचे. २००३ मध्ये हिताची आणि मित्सुबिशीचे चिपचे धंदे एकत्र होऊन रेनेसास झाली, पण ४४७८० ची भाषा तशीच राहिली. काकांच्या डब्यात अशीच एक नक्कल होती.

आता मूळ भानगड. त्या काळी चार बिटचे स्वस्त प्रोसेसर भरपूर होते, आणि पिना महाग. म्हणून या चिपला दोन सवयी आहेत. आठ तारांवरून पूर्ण बाइट घ्यायचा, किंवा चार तारांवरून दोन हप्त्यांत, आधी वरचा अर्धा, मग खालचा. वीज आली की चिप आठच्या सवयीत जागी होते. माझा कोड तेच गृहीत धरून एकच अर्धा बाइट पाठवायचा, 'दोन'. म्हणजे, बाई, आता चारच्या सवयीत ये. पुढे सगळं दोन हप्त्यांत.

पण लाइन नुसती झपकली तर? पाच व्होल्ट तीनपर्यंत घसरतात आणि परत येतात. माझा प्रोसेसर दचकून पहिल्यापासून सुरू होतो. डिस्प्लेची चिप मात्र झोपलेलीच नसते. डेटाशीटमध्ये अट स्पष्ट लिहिली आहे: व्होल्टेज ०.२ च्या खाली जायला हवं, आणि तिथून ०.१ ते १० मिलिसेकंदात ४.५ पर्यंत चढायला हवं, तरच आतला रिसेट चालतो. नाही तर ती चारच्याच सवयीत जागी असते. माझा एकटा 'दोन' तिला नव्या बाइटचा पहिला हप्ता वाटतो, आणि तिथून पुढे प्रत्येक बाइट अर्ध्यानं सरकतो. एका अक्षराची शेपटी आणि पुढच्याचं डोकं जोडून भलताच क्रमांक तयार होतो. 'एम' म्हणजे ४डी, 'ओ' म्हणजे ४एफ. मधले दोन जोडले की डी४, आणि तक्त्यात डी४ ला बसलंय काताकानातलं 'या'. लाइन परत झपकली की तोच एकटा 'दोन' अर्धवट बाइट पुरा करतो, आणि गाडी रुळावर. एकाआड एक. काकांची साक्ष शंभर टक्के बरोबर.

पुण्यात मला हे कधीच का दिसलं नाही? कारण मी शहाण्यासारखा प्लग काढायचो, चहा प्यायचो, प्लग लावायचो. तेल्हाऱ्यात मी स्विच पटकन खाली-वर केला आणि तिसऱ्या झटक्याला 'चिनी' हजर.

उपायही त्याच डेटाशीटमध्ये होता, आकृतीसकट. आधी १५ मिलिसेकंद थांबा, 'तीन' पाठवा, ४.१ मिलिसेकंद थांबा, 'तीन' पाठवा, १०० मायक्रोसेकंद थांबा, पुन्हा 'तीन'. मग 'दोन'. कॉलेजात आम्ही सगळे हे मंत्रासारखं उतरवायचो, आणि कोड लहान करायचा म्हणून मी ते गाळलं होतं. पण तीनच वेळा का? कागदावर मांडून बघा. चिप आठच्या सवयीत असेल तर तिन्ही वेळा 'आठ, आठ, आठ' असंच ऐकेल. चारच्या सवयीत, नव्या बाइटच्या तोंडाशी असेल तर पहिले दोन तीन मिळून 'आठ', तिसऱ्यानं पुन्हा 'आठ'. आणि अर्ध्यावर अडकली असेल तर पहिला तीन ते जुनं वाक्य संपवतो, उरलेले दोन मिळून 'आठ'. तिन्ही वाटा एकाच ठिकाणी येतात. आणि पहिल्या तीननंतर इतका वेळ थांबायचं, कारण ते अर्धं वाक्य 'कर्सर घरी ने' असं निघालं, तर त्यालाच दीड मिलिसेकंद लागतो. समोरचा कुठल्या अवस्थेत आहे हे माहीत नसताना बोलायला सुरुवात कशी करावी, याचा इतका नेटका धडा मला पुढे मोठमोठ्या सर्व्हरच्या कामातही क्वचितच मिळाला.

कोड बदलला, प्रोग्रामर सोबत होताच. मग स्विच पन्नास वेळा झपकवला. पन्नास वेळा इंग्रजी.

काका खुर्चीवर बसून बघत होते. म्हणाले, "इंग्रजीच काहून? आपलं नाही का येत त्याले?"

हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता. चिपच्या साच्यात देवनागरी नाही. पण स्वतःची अक्षरं कोरायला जागा आहे, फक्त आठ घरं. जोडाक्षरं विसरा. दुपारभर चौकटीच्या वहीत ठिपके काढत बसलो. वरची रांग अनुस्वार आणि वेलांटीला, दुसरी शिरोरेषेला, खालच्या दोन उकाराला, म्हणजे अक्षराच्या पोटाला चारच रांगा. च, काना, आणि 'लू' मिळून चालू. 'बं' आणि 'द' मिळून बंद. झाली पाच. प, ण आणि दीर्घ वेलांटी, काना आधीचाच. आठ! 'पाणी चालू' आणि 'पाणी बंद' बरोबर आठ घरांत बसलं. दोन घरांमध्ये फट असते, त्यामुळे शिरोरेषा तुटक दिसते. काकांना ते चाललं.

त्या रात्री लाइन साडेबाराला आली, दोनदा झपकली, मग ठरली. आम्ही दोघं विहिरीवर. डिस्प्लेवर तुटक शिरोरेषेत 'पाणी चालू'. काकांनी बॅटरी त्यावर मारली, वाचलं, आणि मग पाइपाला हात लावून पाहिला. पाणी होतं.

डबा पुढे सहा वर्षं चालला. जुना स्टार्टर मात्र त्यांनी शेवटपर्यंत काढला नाही, आणि पाइपाला हात लावायचंही सोडलं नाही. तेव्हा मला त्याचं थोडं वाईट वाटायचं. आता माझ्या टीममधली पोरं 'माझ्या मशीनवर चालतंय' म्हणतात, तेव्हा मी विचारतो, प्लग काढून चहा प्यायलात, की स्विच झपकवून पाहिलात?

असो. चहा गार झाला. पुढच्या शनिवारी भेटू.