बिनबाह्यांच्या स्वेटरची कुळकथा

हिवाळ्याची चाहूल लागली की ग्वाल्हेर-इंदूरकडच्या आपल्या जुन्या मराठी घरांतून पेट्या उघडल्या जातात. रजया, शाली, कानटोप्या यांच्याबरोबर बिनबाह्यांचा एखादा स्वेटरही उन्हात पडतो. कोणी त्याला 'हाफ स्वेटर' म्हणतात, तर कोणी 'स्लिपओव्हर'. पुरुषांच्या पोशाखात याच्याइतके गृहीत धरले गेलेले वस्त्र दुसरे क्वचितच असेल. पगडीवर लेख लिहिले गेले, पैठणीवर ग्रंथ झाले. पण या अर्ध्या वस्त्राची कुळकथा सांगण्याच्या भरीस फारसे कोणी पडले नाही. वास्तविक त्याच्या घडणीत पूर्व आणि पश्चिम यांची मोठी देवघेव दडलेली आहे. आणि आज दुकानात उभे राहून असा स्वेटर कसा निवडावा, या व्यवहारी प्रश्नाचे उत्तरही त्या इतिहासातच सापडते.

प्रथम नावाविषयी. 'स्वेटर' या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ 'घाम आणणारा' असा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंड-अमेरिकेतील नावाडी व खेळाडू सरावाच्या वेळी अंगातून घाम निघावा म्हणून जाड लोकरी अंगरखे घालीत. त्यांना हे नाव पडले. 'व्हेस्ट' या शब्दाची गंमत आणखी निराळी. इंग्लंडात या शब्दाने आतली बनियन समजली जाते, तर अमेरिकेत कोटाखालचे वासकूट. त्यामुळे अमेरिकन ज्याला 'स्वेटर व्हेस्ट' म्हणतो, तो म्हणजे लोकरीचे विणलेले वासकूटच होय.

या वासकुटाची जन्मकथा मोठी उद्‌बोधक आहे. 1665 ची प्लेगची साथ आणि 1666 च्या सप्टेंबरातील लंडनची भीषण आग यांनी इंग्लंड हवालदिल झाले होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात राजा दुसरा चार्ल्स याने दरबारात नवा पोशाख सुरू करण्याचा निश्चय जाहीर केला. सरदारांना काटकसर शिकवावी हा त्यामागचा हेतू असल्याची नोंद सॅम्युअल पीप्स याने रोजनिशीत केली आहे. त्याचा समकालीन जॉन इव्हलिन याने तर हे वस्त्र इराणी धर्तीचे, पूर्वेकडील वळणाचे असल्याचे स्पष्ट नमूद केले आहे. आरंभी हे 'व्हेस्ट' गुडघ्यापर्यंत लांब आणि बाह्यांचे होते. अठराव्या शतकात ते आखूड होत गेले, आणि वर कोट असल्यामुळे बाह्यांचे प्रयोजन न उरल्याने त्याही गळाल्या. म्हणजे ज्याला आपण अस्सल साहेबी थाट समजत आलो, त्याचे आजोळ इराणात आहे.

आपल्याकडेही बिनबाह्यांच्या वस्त्राला पाहुणा समजण्याचे कारण नव्हते. बाराबंदी आणि अंगरखा ही बाह्यांची वस्त्रे. पण शेतात, तालमीत आणि घरात वावरताना बंडी आणि कोपरी हीच सोयीची. उत्तरेत कुडत्यावर घालायची सदरी होती, आणि 'बंडी' हा शब्द तर माळव्याच्या हिंदीतही रूढ आहे. आपले पूर्वज नर्मदा ओलांडून इकडे आले, तेव्हा त्यांना पहिला सामना करावा लागला तो इकडच्या हवेशी. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर मराठी फौज उभी राहिली, ती उपासमारीइतकीच उत्तरेच्या थंडीनेही गांजलेली होती. पुढे 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली स्थिरावून तिचे 'लष्कर' झाले. 1818 च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदुरास आली. छावणीतला माणूस रहिवासी झाला की त्याला ऋतूंशी करार करावाच लागतो. श्रीमंतांना काश्मिरी शाल होती आणि शिपायाला घोंगडी. मधल्या माणसाने कापूस भरलेली बंडी आपलीशी केली.

या प्रदेशाच्या थंडीचा स्वभाव ध्यानात घेतल्याशिवाय बिनबाह्यांच्या वस्त्राचे मर्म कळणार नाही. ग्वाल्हेरीस जानेवारीत पहाटेचे तापमान सरासरी 7 अंशांच्या आसपास उतरते, तर दुपारी ते 22-23 अंशांपर्यंत चढते. इंदुरास थंडी त्याहून सौम्य, पण पहाट आणि दुपार यांतील अंतर तेवढेच. अशा हवेत पूर्ण बाह्यांचा जाड स्वेटर अकरा वाजता नकोसा होतो आणि तो काढला की सावलीत हुडहुडी भरते. छाती व पाठ झाकलेली आणि हात मोकळे, ही तडजोड येथे चपखल बसते. शासकीय सेवेत असताना हिवाळ्यातील कितीतरी कचेऱ्या मी पाहिल्या. दौत-टाक, शिक्के आणि जाडजूड बस्ते हाताळणाऱ्या कारकुनाच्या अंगात हटकून बिनबाह्यांचा स्वेटर दिसे. बाहीचा काठ शाईत बुडत नाही, हा त्यातला साधा हिशेब होता.

मात्र बंडी शिवलेली आणि स्वेटर विणलेला. मराठीत मागावरच्या कापडाला आणि सुयांवरच्या स्वेटराला आपण 'विणणे' हे एकच क्रियापद वापरतो, पण या दोन कला मुळातच भिन्न आहेत. मागावर उभे आणि आडवे असे दोन धागे लागतात. सुयांवर एकच धागा फाशात फासा अडकवीत पुढे जातो. म्हणूनच विणलेला स्वेटर ताणला जातो, अंगाबरोबर हलतो आणि उसवला तर सबंध धागा परत हाती येतो. दख्खनी मेंढीची लोकर राठ; ती घोंगडीला उत्तम, पण अंगालगतच्या स्वेटराला चालण्यासारखी नाही. सुयांवरचे लोकरी विणकाम आपल्या घरांत रुजले ते प्रामुख्याने इंग्रजी अमदानीत, मिशनऱ्यांच्या व मुलींच्या शाळांमधून.

आता या स्वेटराला जगभर प्रतिष्ठा कशी मिळाली ते पाहू. स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी आणि शेटलंड यांच्यामध्ये फेअर आयल नावाचे चिमुकले बेट आहे. तेथील स्त्रिया रंगीत नक्षीचे स्वेटर विणीत. एका ओळीत दोनच रंग खेळवायचे आणि जो रंग पुढे दिसत नाही त्याचा धागा मागून न्यायचा, ही त्यांची पद्धत. त्यामुळे कापड दुपदरी होऊन ऊब वाढते. नक्षी ही नुसती शोभा राहत नाही. पहिल्या महायुद्धानंतर तिकडे हलाखी होती. शेटलंडमधील लेर्विक गावच्या एका कापडव्यापाऱ्याने असा एक स्वेटर तत्कालीन युवराज एडवर्ड यांना भेट दिला. 1922 मध्ये सेंट अँड्र्यूज येथील गोल्फ क्लबाचे कप्तानपद स्वीकारताना युवराज तो घालून मैदानात आले, आणि बघता बघता ती फॅशन झाली. युवराजांचा तो स्वेटर पूर्ण बाह्यांचा होता. पण पुढील दहा-पंधरा वर्षांत त्याच्या बिनबाह्यांच्या भावंडाने कोटाखालच्या वासकुटाची जागा पटकावली.

हेच युवराज त्या आधी काही महिने आपल्या मुलखात येऊन गेले होते. 17 नोव्हेंबर 1921 रोजी ते मुंबईच्या धक्क्यावर उतरले, त्याच दिवशी त्याच शहरात महात्मा गांधींच्या उपस्थितीत विदेशी कापडाची होळी झाली. दोनच दिवसांनी पुण्यात त्यांच्या हस्ते शिवस्मारकाची कोनशिला बसली. वडोदरे, इंदूर आणि ग्वाल्हेर या संस्थानांतही त्यांचा मुक्काम झाला. एकीकडे विदेशी वस्त्राचा त्याग आणि दुसरीकडे साहेबी पोशाखाचे आकर्षण, अशा ओढाताणीत आपला सुशिक्षित मध्यमवर्ग त्या काळी सापडलेला होता. घरच्या बाईने आपल्या हाताने विणलेला स्वेटर हा त्यातून निघालेला एक शहाणपणाचा मार्ग होता, असे मला वाटते. घाट परदेशी असला तरी हात आपला होता, आणि धोतरावर, पायजम्यावर वा पाटलोणीवर तो सारखाच शोभे.

या वस्त्राला मान मिळवून देण्यात क्रिकेटचाही वाटा आहे. पांढऱ्या वा साईच्या रंगाचा, इंग्रजी 'व्ही'च्या आकाराच्या गळ्याला रंगीत पट्टी असलेला बिनबाह्यांचा स्वेटर हा क्रिकेटपटूचा जणू गणवेशच. गोलंदाजाच्या खांद्याला मोकळीक हवी आणि पाठीवरचा घाम थंड होऊ नये, हे त्याचे कारण. 1932 मध्ये लॉर्ड्‌सवर भारताच्या पहिल्या कसोटीत नेतृत्व करणारे सी. के. नायडू पुढे होळकर संघाचेही आधारस्तंभ झाले. 1945-46 ते 1952-53 या काळात त्या संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला. इंदूरच्या तरुणांना स्वेटराचा तो घाट मैदानावरच डोळे भरून पाहायला मिळाला, आणि तो घरोघरच्या सुयांवर चढला.

दुसऱ्या महायुद्धाने या स्वेटराला निकडीचे कारण दिले. इंग्लंडात 1941 पासून 1949 पर्यंत कपड्यांवर शिधापद्धती होती. बाह्या वगळल्या की लोकर वाचे. आपल्याकडेही तोच हिशेब चाले. वाढत्या मुलाचा स्वेटर दोन हिवाळ्यांनी आखूड झाला की बाह्यांची लोकर उसवून लांबी वाढवायची आणि तो बिनबाह्यांचा करून टाकायचा. उसवलेल्या लोकरीच्या लडी धुऊन, वजन लावून वाळवल्या की धागा सुरळीत होई. थोरल्याचा धाकट्याला आणि धाकट्याचा पुन्हा नव्या रंगाच्या पट्टीसह तिसऱ्याला, असा एकेका लोकरीचा प्रवास वीस-वीस वर्षे चाले. हा संसार सांभाळणाऱ्या स्त्रियांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत. त्यांच्या हातचा टाका मात्र ओळखू येई. कोणाचा घट्ट, कोणाचा सैल, तर कोणाच्या काठात हमखास एक घर जास्त.

बाजाराचा इतिहास थोडक्यात सांगतो. 1876 मध्ये कानपुरास आणि 1880 मध्ये पंजाबात धारीवाल येथे लोकरीच्या गिरण्या निघाल्या. 'लाल इमली' आणि 'धारीवाल' ही नावे आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी असत. त्या गिरण्यांचे वैभव आता ओसरले आहे. लुधियानात काश्मिरी विणकरांची वस्ती एकोणिसाव्या शतकातच झाली होती, आणि पुढे ते शहर होजिअरीचे माहेरघर बनले. 1959 नंतर भारतात आलेल्या तिबेटी निर्वासितांनी हिवाळ्यात गावोगावी स्वेटरांचे बाजार मांडले. त्यांतील बराचसा मालही लुधियानाचाच असे. दरम्यान ॲक्रिलिक हा रासायनिक धागा आला. वडोदऱ्याच्या पेट्रोकेमिकल्स प्रकल्पातही तो बनू लागला. तो स्वस्त, रंगाला पक्का आणि कसर न लागणारा. घरी विणण्यापेक्षा तयार स्वेटर स्वस्त पडू लागला, तेव्हा सुया पेटीत गेल्या.

इतके सांगितल्यावर निवडीचे निकष वेगळे शोधावे लागत नाहीत. पहिला निकष धाग्याचा. लोकरीचा तंतू कुरळा असतो, त्यात हवा अडकते आणि ऊब टिकते. शिवाय आपल्या वजनाच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याइतकी वाफ शोषूनही ती ओली लागत नाही. ॲक्रिलिकात घाम कोंडतो. संशय आल्यास आतल्या शिवणीचा एखादा धागा घरी जाळून पाहावा. लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरडते. ॲक्रिलिक वितळून त्याची कडक गुठळी होते. निम्म्याहून अधिक लोकर असलेले मिश्रण आपल्या हवेला पुरेसे असते.

दुसरा निकष मुंढ्याचा. बिनबाह्यांच्या स्वेटराचे सारे सौंदर्य मुंढ्यात आहे. खांद्याची कड हाडाच्या टोकाशीच संपावी. दंडावर ओघळली तर माणूस उसने वस्त्र घातल्यासारखा दिसतो, आणि काखेत आवळली तर हात मोकळे ठेवण्याचा मूळ हेतूच फसतो. उंची कमरपट्टा झाकण्याइतकी पुरे. खालचा उलट-सुलट टाक्यांचा काठ ताणून सोडावा. तो लगेच पूर्ववत झाला तर वीण चांगली. टाय बांधणाऱ्याने 'व्ही' गळा घ्यावा, न बांधणाऱ्याला गोल गळाही शोभतो. वर कोट घालायचा असेल तर वीण बारीक हवी. रंग राखाडी, गडद निळा वा किरमिजी घेतला तर तो कोणत्याही सदऱ्यावर चालतो. नक्षीचा घ्यायचा झाल्यास सदरा साधा ठेवावा. आणि घेतल्यावर तो कोमट पाण्यात रिठ्याने धुऊन, सावलीत सपाट पसरून वाळवावा. दोरीवर टांगला की पाण्याच्या वजनाने त्याचा घाट बिघडतो.

राहता राहिला तिसरा निकष, जो दुकानात मिळत नाही. आपण दोन-अडीचशे वर्षे परमुलखात राहिलो, तो मुलूख आपलासा केला. पोशाखात इराणचे, इंग्लंडचे, माळव्याचे जे सोयीचे वाटले ते घेतले, आणि तरीही घरात मराठी राहिलो. बिनबाह्यांचा स्वेटर हा या जगण्याचा एक साधा पुरावा आहे. आपल्या मंडळींनी पगड्या, तलवारी आणि सनदा जपल्या, हे उचितच झाले. पण आजीने विणलेला स्वेटर मात्र कसर लागली म्हणून बोहारणीला दिला. ज्यांच्या घरी असा एखादा अजून शिल्लक असेल, त्यांनी तो यंदा उन्हात घालताना तो कोणी विणला, कोणासाठी, कोणत्या साली आणि कोणत्या गावी, एवढे चार शब्द एका चिठ्ठीवर लिहून कडुलिंबाच्या पाल्याबरोबर त्याच्या घडीत ठेवावेत. हे सांगू शकणारी माणसे घरात आहेत, तोवरच ही चिठ्ठी लिहिता येईल.