चाल कुणाची, नाव कुणाचे

महाड-पोलादपूरच्या गावांत शिमग्याची पालखी नाचते ती खालू बाजावर: ढोल, टिमकी, सनई. लग्नाच्या वरातीत मात्र पितळी बँड आला, मग बेंजो आला आणि आता डीजेच्या भिंती उभ्या राहतात. यावरून पितळी बँडचे दिवस भरले, असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. तो मला पटत नाही. बँड मागे पडला तो त्याच्याजवळ स्वतःच्या नावाचे संगीत उरले नाही म्हणून. दुसऱ्याची लोकप्रिय चाल वाजवणे एवढेच ज्याचे काम, त्याची जागा तीच चाल अधिक मोठ्याने वाजवणारे यंत्र घेणारच. म्हणून एखाद्या ख्रिस्ती बँडने नव्या रचनांचा अल्बम ध्वनिमुद्रित करणे ही मला हौस वाटत नाही. पितळी बँडच्या परंपरेचे फार दिवस राहून गेलेले काम त्यातून पुरे होते.

ही परंपरा मुळात लिहित्या लोकांची आहे. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या शाळांतून 'मेस्त' मुलांना प्रार्थनेबरोबर स्वरलिपी वाचायला शिकवत. व्हायोलिन, क्लॅरिनेट, कॉर्नेट हाती येण्याआधी कागदावरचे स्वर तोंडाने म्हणता आले पाहिजेत, असा दंडक होता. या शिक्षणातून फक्त वादकच घडले असे नाही. उपासकाळात गायल्या जाणाऱ्या 'मोतेत' रचना, लॅटिन शब्दांच्या का होईनात, गावोगावच्या गोमंतकीय मेस्तांनीच बांधल्या. हेच लोक पुढे पोटासाठी मुंबईला आले, लष्कराच्या आणि पोलिसांच्या बँडांत शिरले, हॉटेलांत वाजवू लागले. धोबीतलावच्या आसपास गावागावाच्या नावाने चालणाऱ्या 'कुडां'त त्यांची पथारी असे. महाड-पोलादपूरचा चाकरमानी गिरणगावात गावकीच्या खोलीत राहत होता, तोही अगदी त्याच रीतीने. कोकणच्या दोन टोकांची ही माणसे एकाच शहरात एकाच प्रकारे जगली. फरक होता तो सामानात. एकाच्या गाठोड्यात पाठांतरातले भजन आणि जाखडीची गाणी होती. दुसऱ्याकडे चालता चालता वाचता यावा म्हणून वाद्याला चिमट्याने अडकवायचा तळहाताएवढा कागद होता.

त्या कागदाने हिंदी सिनेमाचे संगीत उभे केले. 1951च्या 'अलबेला'चे संगीतकार सी. रामचंद्र हे तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. त्यांच्या साथीला चिक चॉकलेट, म्हणजे हळदोण्याचे अंतोनियो शावियर वाझ, ट्रम्पेट घेऊन उभे होते. पडद्यावरही ते आपल्या बँडसह दिसतात. संगीतकाराने गुणगुणलेली चाल कागदावर उतरवून वाद्यमेळात बसवण्याचे काम अशा असंख्य गोमंतकीयांनी केले आणि बहुतेकांची नावे श्रेयनामावलीत आली नाहीत. मग ती गाणी तबकड्यांवरून गावोगाव पोचली आणि वरातीच्या बँडवाल्यांनी ती ऐकून उचलली. म्हणजे चर्चच्या शाळेत घडलेला ट्रम्पेटचा बोल सिनेमाच्या वाटेने पुन्हा पितळी वाद्यावर आला, पण येताना त्याचा जनक वाटेतच गळला. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांना ही उणीव टोचली असावी. 1958मध्ये मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात त्यांनी मोठा वाद्यवृंद जमवून भारतीय रागसंगीत आणि पाश्चात्त्य वाद्यमेळ यांना एकत्र आणणाऱ्या स्वतःच्या रचना सादर केल्या. सामान्य श्रोत्याला मात्र त्यांचे नाव माहीत झाले ते 1977च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यामुळे. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी गुरूला दिलेली ती मानवंदना होती. गुरूची रचना मागे राहिली आणि गाण्यातले नाव तेवढे पुढे गेले.

ख्रिस्ती बँडच्या अशा अल्बमवर पहिला आक्षेप येतो तो मराठी ख्रिस्ती समाजातूनच. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन यांची वाट दाखवली असताना परक्या पितळेचे कौतुक कशाला? आक्षेप वजनदार आहे. उसन्या सुरांत केलेली उपासना मराठी मनाला भिडत नाही, हे टिळकांनी ओळखले होते. परंतु त्यांचा आग्रह वाणी आपली असावी असा होता, आणि वाद्याचा मुलूख पाहायचा तर हार्मोनियमही युरोपातूनच आली. आज तिच्यावाचून कीर्तनाला कुणी उभे राहत नाही. वाद्य परके असले तरी रीत देशी करता येते, याचा दाखलाही आहे. 1882च्या सप्टेंबरात मुक्तिफौजेची (साल्वेशन आर्मीची) पहिली तुकडी फ्रेडरिक टकर यांच्याबरोबर मुंबईत उतरली. तिने देशी वेष घेतला, देशी नावे घेतली आणि वाजत-गाजत मिरवणूक काढण्यापायी तुरुंगही पाहिला. तिच्या इंग्लंडमधल्या मुख्यालयाने तर 1880च्या दशकातच आपल्या बँडांसाठी नवे संगीत छापायला सुरुवात केली होती. नेमका हाच धडा आपल्याकडे अर्धवट गिरवला गेला: वाद्ये आली, मिरवणूक आली, नव्या रचनांची शिस्त मात्र रुजली नाही.

दुसरा आक्षेप असा की बँड ही रस्त्यावरची कला. तिला स्टुडिओत कोंडले की जीव जातो, आणि खालू बाजा कुठे लिहिला गेला होता, तरी तो टिकलाच ना? टिकला खरा, पण त्याच्यामागे शिमग्याची पालखी उभी आहे, ग्रामदेवतेचा मान आहे. भाड्याने येणाऱ्या बँडला असा आधार नाही, आणि ख्रिस्ती बँडला असलेला चर्चच्या फेस्ताचा आधार वर्षातल्या मोजक्या दिवसांपुरता. शिवाय खालू बाजालाही हा आधार कायमचा पुरेल असे समजणे भाबडेपणाचे ठरेल, कारण सनईवाल्याचा मुलगा पुण्या-मुंबईला नोकरीला लागला की घरातल्या चाली त्याच्या वडिलांबरोबरच जातात. ध्वनिमुद्रणाने रस्ता बंद होत नाही. उलट, रस्त्यावर वाजवायला स्वतःचे काहीतरी मिळते.

अशा अल्बमकडून दोन गोष्टी मागाव्यात. प्रत्येक रचनेपुढे ती बांधणाऱ्याचे आणि वाद्यमेळ लिहिणाऱ्याचे नाव स्पष्ट छापावे, आणि तिची स्वरलिपी इतर बँडांना खुली ठेवावी. आणि जो कुणी बँड हे काम हाती घेईल, त्याने महाड-पोलादपूरच्या एखाद्या खालू बाजाच्या ताफ्यालाही स्टुडिओत बोलवावे, ढोल-सनईसाठी आणि पितळेसाठी मिळून नवी रचना लिहावी, आणि सनईवाल्याचे नाव इतरांच्या बरोबरीने छापावे.