धाव, रूळ आणि आपला प्रकल्प

१९०० सालच्या सुमारास, निजामाच्या राजवटीत, मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज रेल्वे सुरू झाली आणि परतूर नकाशावर स्टेशन म्हणून आले. उष्णतेने धातू प्रसरण पावतात, हे गावाला रुळांनी दाखवले असे म्हणता येईल. पण लोहारांना ते फार आधीपासून ठाऊक होते. बैलगाडीच्या लाकडी चाकाची लोखंडी धाव ते चाकापेक्षा किंचित लहान ठेवत. गोवऱ्यांच्या जाळात लाल झाली की धाव वाढे. चाकावर बसवून पाणी ओतले की आवळून बसे. दीड मीटर व्यासाच्या धावेचा घेर ५०० अंशांनी तापवल्यावर जवळजवळ तीन सेंटिमीटर वाढतो.

नववीत आपल्या गटाला प्रकल्पासाठी आधी सुचला तो प्रयोगशाळेतला पितळी गोळा आणि कडे. हे उपकरण १८व्या शतकातल्या डच शास्त्रज्ञ ग्रॅव्हसँडे यांच्या नावाने ओळखले जाते. सरांनी एवढेच विचारले, "गावात हे कुठे दिसतं?" मग कामे वाटली गेली. दोघे लोहाराकडे चाकाचा आणि धावेचा घेर दोरीने मोजायला, एकजण तक्ता काढायला आणि आम्ही दोघी रुळांच्या गणिताला.

१३ मीटरचा रूळ ४० अंशांनी तापला तर सुमारे ६ मिलिमीटर वाढतो. सांध्यात फट ठेवायची ती यासाठी, आणि गाडीची खडखड त्या फटीचीच.

१९९०च्या दशकात मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आला. आता रूळ जोडून सलग लांब करतात. मग वाढ जाते कुठे? स्लीपर आणि खडी रुळाला जखडून ठेवतात. वाढता न आल्याने दाब रुळातच साठतो. मीटरला ५२ किलो वजनाच्या रुळात दर अंशाला सुमारे १.६ टन! वैशाखातल्या दुपारी रुळावरून गस्त घालणारा माणूस याच दाबावर नजर ठेवून असतो.

रूळ राहतील; धाव मात्र रबरी टायरांमुळे दिसेनाशी झाली. मित्रमैत्रिणींनो, कुणाच्या वाड्यात, शेतावर जुने चाक पडून असेल तर ते शाळेच्या प्रयोगशाळेला द्या. धाव चढवलेली पाहिलेले वडीलधारे घरी असतील, तर त्यांना एकदा वर्गात घेऊन या. पुढच्या गटाला सरांच्या त्या प्रश्नाचे उत्तर गावातच मिळायला हवे.