आचार्य, आचारी आणि क्रमांक २०८

१९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि कानपूरच्या आयआयटीत मोहन तांबे व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान तिच्याकडे आले. पुण्याच्या संगणक-इतिहासात ‘परम’ महासंगणकाचे कौतुक होते, ते योग्यच आहे. जिस्ट कार्डाची नोंद मात्र एका ओळीत उरकली जाते. मराठी मजकुराच्या दृष्टीने मला तेच अधिक मोलाचे वाटते.

हे कार्ड पीसीत बसवले की इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये देवनागरी टंकता आणि वाचता येई. मूळ प्रोग्रॅमला हात लावावा लागत नसे. मजकूर ‘इस्की’ या संकेतप्रणालीत साठवला जाई. तिच्यात ० ते १२७ हे क्रमांक इंग्रजीकडे राहिले आणि त्यापुढचे भारतीय लिप्यांना मिळाले. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने तिला मानकाचा दर्जा दिला. इस्कीत ‘र’ २०७ आणि ‘ऱ’ २०८. मराठीतला ‘ऱ्य’ लिहायचा तो २०८ला हलन्त जोडून. निमंत्रण आचार्यांना आहे की आचाऱ्यांना, हा फरक त्या एका क्रमांकावर टिकला.

चालू प्रोग्रॅम न मोडता त्याला नवे काम शिकवणाऱ्या जोडणीला आज ‘एक्स्टेन्शन’ म्हणतात. एका परिचितांनी जुन्या फ्लॉप्यांवरून उतरवलेल्या इस्की फायली माझ्याकडे दिल्या, तेव्हा कर्वेनगरच्या घरी बसून मी असेच एक एक्स्टेन्शन तयार केले, मायक्रोसॉफ्टच्या व्हीएस कोड या एडिटरसाठी. या एडिटरला इस्की येत नाही. तो अशी फाइल यूटीएफ-८ समजून उघडतो आणि अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे दाखवतो. त्याच अवस्थेत ‘सेव्ह’ केले, तर मूळ क्रमांक कायमचे पुसले जातात. म्हणून माझे एक्स्टेन्शन फाइल थेट बाइटच्या रूपात वाचते, आणि युनिकोड मजकूर वेगळ्या फाइलीत देते.

रचना साधी आहे. एका फाइलीत एक्स्टेन्शनचे नाव आणि त्याची आज्ञा नोंदवायची, दुसरीत रूपांतराचे काम लिहायचे. एफ-५ कळ दाबली की एडिटरची दुसरी खिडकी उघडते. नवे एक्स्टेन्शन फक्त तिथे चालते, पहिली खिडकी जशीच्या तशी राहते.

खरा वेळ चाचण्यांना लागला. पहिली चाचणी अर्थातच आचार्य-आचारी. युनिकोडची देवनागरी १९८८च्या इस्कीवरून बेतलेली असल्याने तिथेही ‘र’ २३५२ आणि ‘ऱ’ २३५३, म्हणजे शेजार मोडलेला नाही. दुसरी चाचणी लागोपाठच्या दोन हलन्तांची. जोडाक्षर न करता हलन्त उघडा दाखवा, असा इस्कीत त्याचा अर्थ. युनिकोडमध्ये त्यासाठी हलन्तानंतर एक अदृश्य चिन्ह घालावे लागते. शेवटी युनिकोडचे पुन्हा इस्की करून निकाल मूळ फाइलीशी बाइट-बाइट ताडला. तो जुळला, तेव्हाच मजकूर वाचायला घेतला.

कार्डे भंगारात गेली. त्यांच्यावर लिहिलेला मजकूर अजून वाचता येतो, कारण त्याच्यामागे जाहीर मानक होते. ज्या खासगी फॉन्टांचे तक्ते कधी जाहीरच झाले नाहीत, त्यांतल्या मजकुराला हा आधार नाही. आपल्या मासिकांच्या आणि प्रकाशनसंस्थांच्या कपाटांत अशा फायली असतील. त्यांची जशीच्या तशी एक प्रत आधी काढून ठेवावी, फॉन्टच्या फायलींसकट. उघडून बघणे त्यानंतर.