सांधेदुखी : वार्धक्य की व्याधी?

व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून राज्यांचे, लढायांचे आणि क्रांत्यांचे इतिहास आपण ऐकत आलो आहोत. आज मी आपल्यापुढे एका दुखण्याचा इतिहास मांडणार आहे. व्याख्यान संपल्यावर खुर्चीच्या हातांवर भार देऊन सावकाश उठणारी जी वडीलधारी मंडळी येथे बसली आहेत, त्यांना ह्या दुखण्याची ओळख करून देण्याची गरज नाही. ती ह्याला संधिवात म्हणतात. आणि कोणी विचारपूस केलीच तर ‘आता वय झाले, चालायचेच’ असे म्हणून विषय संपवितात. हे उत्तर कितपत खरे आहे, एवढाच आजच्या विवेचनाचा विषय.

दुखणे फार जुने आहे, ह्यात शंका नाही. १९०८ साली फ्रान्समधील ला शापेल-ओ-सां येथे निअँडरथल मानवाचा एक सांगाडा सापडला. मार्सेलिन बूल ह्या पंडिताने त्यावरून, हा मानव गुडघे दुमडून वाकून चालत असे, असे चित्र उभे केले. १९५७ साली स्ट्रॉस आणि केव्ह ह्या दोघांनी तो सांगाडा पुन्हा पाहिला, तेव्हा त्याचे सांधे विकाराने बिघडलेले आढळले. एका रोग्यावरून साऱ्या जातीची चाल ठरविली गेली होती! आपल्याकडे चरकसंहितेतील वातव्याधींच्या प्रकरणात संधिगत वाताचे वर्णन आहे. सांध्याची सूज हाताला वारा भरलेल्या चामडी पिशवीसारखी लागते, आणि सांधा आखडताना व पसरताना वेदना होते, असे तेथे सांगितले आहे. गुडघा दुखणाऱ्या कोणालाही ते आजही पटावे.

परंतु सर्व सांधेदुखी एकच नव्हे, हे उमगावयास पाश्चात्त्य वैद्यकाला फार काळ लागला. विल्यम हेबरडेन ह्या लंडनच्या वैद्याने बोटांच्या टोकाजवळच्या सांध्यांवर येणाऱ्या वाटाण्याएवढ्या गाठींचे वर्णन केले आणि त्यांचा गाउटशी, म्हणजे आपल्या वातरक्ताशी, काही संबंध नाही असे स्पष्ट सांगितले. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १८०२ साली प्रसिद्ध झाला. त्या गाठी आजही त्याच्याच नावाने ओळखल्या जातात. ज्याला आपण आमवात म्हणतो त्याच्यापासून झिजेचा संधिवात निराळा काढण्याचे काम आर्चिबाल्ड गॅरॉड ह्याने १९०७ साली केले. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागलेला असल्यामुळे पुढे हा फरक डोळ्यांना दिसूही लागला.

येथवरचा इतिहास रोग्याच्या खाटेजवळचा आहे. खरे वळण लागले ते वैद्य रुग्णालयाबाहेर पडून लोकवस्तीत गेला तेव्हा. मँचेस्टरचे केलग्रेन आणि लॉरेन्स ह्यांनी १९५०च्या सुमारास कोळशाच्या खाणीतील कामगारांचे सांधे तपासले. बुटक्या भुयारात गुडघ्यांवर रांगत कोळसा फोडणाऱ्यांचे गुडघे, कचेरीत बसून काम करणाऱ्या समवयस्कांपेक्षा पुष्कळच अधिक बिघडलेले होते. वय तेच, मग फरक कशाचा? अर्थात कामाचा. १९५७ साली ह्याच दोघांनी क्ष-किरण चित्रावरून विकाराची शून्य ते चार अशी प्रतवारी ठरवून दिली. त्या मापाने जगभर मोजणी होऊ लागली.

दुसरी मोठी साक्ष अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम ह्या गावाची. तेथे १९४८ साली हृदयविकाराच्या अभ्यासासाठी हजारो नागरिकांची तपासणी सुरू झाली होती. त्यांतील हयात माणसांच्या गुडघ्यांची चित्रे १९८३ ते १९८५ मध्ये घेतली गेली. पस्तीस वर्षांपूर्वी ज्यांचे वजन फाजील होते, त्यांच्यात गुडघ्याचा विकार अधिक आढळला. म्हणजे दुखण्यामुळे माणूस बसून लठ्ठ झाला असे नव्हे, लठ्ठपणा आधीचा. ज्या स्त्रियांनी दहा वर्षांत सुमारे पाच किलो वजन कमी केले, त्यांचा धोका निम्म्याहून खाली आला, असेही १९९२ साली दिसून आले.

वजन आणि श्रम ह्यांच्या जोडीला आनुवंशिकता, सांध्याला झालेली जुनी इजा आणि स्त्रियांच्या बाबतीत पन्नाशीनंतरचा काळ ही कारणे येतात. पेकिंगच्या वृद्ध स्त्रियांत गुडघ्याचा विकार फ्रॅमिंगहॅमपेक्षा अधिक, पण खुब्याचा फारच थोडा, असे आढळले. तारुण्यात दीर्घकाळ उकिडवे बसण्याची सवयही तेथे ह्या गुडघेदुखीशी निगडित दिसली. चुलीपुढे आणि धुण्याच्या दगडाशी ज्यांचा जन्म गेला, त्या आपल्या आयाबहिणींनी ह्याचा विचार करावा.

येथे कोणी म्हणेल, ‘सांधा जर झिजतो, तर तो न वापरणे उत्तम!’ हा समज चुकीचा आहे. सांधा म्हणजे गाडीचे चाक नव्हे. त्यातील कूर्चा, हाड आणि आतील अस्तर ही जिवंत असतात, आणि स्नायू बळकट असले तर सांध्याला आधार मिळतो. २०१७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन हजारांहून अधिक सांगाडे तपासले गेले. वय आणि वजन ह्यांचा हिशेब वजा करूनही, विसाव्या शतकाच्या मध्यानंतर गुडघ्याचा विकार दुपटीने वाढलेला दिसला. केवळ वयच कारण असते, तर असे झाले नसते.

आता ओझ्याचा विचार करू. २०२० साली जगात सुमारे ५९ कोटी ५० लक्ष माणसांना हा विकार होता, असा अंदाज आहे. १९९० पासून हा आकडा दुपटीहून अधिक झाला. आपल्या पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोपडा ह्यांच्या पुढाकाराने १९९६ साली घरोघर पाहणी झाली. ४०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना सांध्यास्नायूंची काही ना काही व्यथा होती. खेड्यातले कष्टाचे जीवन निरामय असते, ह्या आपल्या गोड समजुतीला ह्या आकड्याने धक्का बसतो.

१९६२ साली जॉन चार्न्ली ह्याने धातू आणि प्लॅस्टिक ह्यांचा टिकाऊ कृत्रिम खुबा बसवून अपंगांना चालते केले; पुढे गुडघेही बदलले जाऊ लागले. २०१७ साली आपल्या केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींना मर्यादा घातली, हेही उपकारकच. पण शस्त्रक्रिया हा शेवटचा मुक्काम आहे. हा विकार जीव घेत नाही, म्हणून त्याची बोभाट होत नाही. तो माणसाचे देवदर्शन, बाजारहाट, शेजाऱ्याकडे जाणे, एकेक करून हिरावून घेतो. आणि मजुराची तर रोजीच.

वय थांबविणे कोणाच्याच हाती नाही. पण वजन आटोक्यात ठेवणे, रोज चालणे, मांड्यांना व्यायाम देणे, तरुणपणीची इजा अंगावर न काढणे हे आपल्या हाती आहे. आणि वृद्धांना चालता येईल असे रस्ते, उंच ओटे, बसून करावयाच्या कामाची सोय, हे नगराच्या हाती. ‘चालायचेच’ हा शब्द निराशेने उच्चारण्यापेक्षा तो शब्दशः आचरणात आणावा, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.