तिसरा चॅनेल बंद करून ऐक: घरगुती इलेक्ट्रॉनिक संगीताला मिळालेल्या अभिप्रायांची गोष्ट

एक तक्रार माझ्याकडे वारंवार येते. घरी लॅपटॉपवर संगीत करणारी मुलंमुली म्हणतात, "आम्ही ट्रॅक टाकतो, लोक 'भारी', 'कडक' असं लिहितात, आगीचं चिन्ह टाकतात आणि निघून जातात. पण नेमकं काय जमलं आणि काय फसलं, ते कोणी सांगत नाही." गाण्यात शब्द असले की बोलायला निदान काहीतरी हाताशी असतं. शब्द नसलेलं, सिंथेसायझरवर केलेलं संगीत असेल तर चांगला श्रोतासुद्धा अडखळतो. मग तो 'व्हाइब छान आहे' म्हणून सुटका करून घेतो.

याचं खापर लोकांच्या आळसावर फोडणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. संगीत आपल्यापर्यंत कोणत्या रूपात येतं, यावर आपण त्याबद्दल काय बोलू शकतो हे बरंचसं ठरतं. ते कसं, हे बघायला १९८७ सालात जावं लागेल.

कमोडोर कंपनीचा अमिगा हा संगणक १९८५ साली बाजारात आला होता. त्यात 'पॉला' नावाची चिप होती आणि ती एका वेळी चार आवाज वाजवू शकायची. कार्स्टन ओबार्स्की हा जर्मन तरुण गेमसाठी संगीत करायचा. त्याने या चिपसाठी 'अल्टिमेट साउंडट्रॅकर' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. पडद्यावर चार उभे रकाने, म्हणजे चार चॅनेल. वेळ वरून खाली सरकणार. चौसष्ट ओळींचा एक तुकडा, त्याला पॅटर्न म्हणायचं. प्रत्येक ओळीत स्वर कोणता, वाद्य कोणतं, त्यावर काय परिणाम लावायचा, हे आकडे आणि अक्षरांत लिहायचं. दिसायला थेट वाण्याच्या खातेवहीसारखं! पुढे स्वीडनमधून नॉइजट्रॅकर आला, मग प्रोट्रॅकर आला, पण वहीचा साचा तोच राहिला.

आता मुख्य गोष्ट ऐका. या प्रोग्रॅममधून निघणारी फाइल, जिला 'मॉड' म्हणतात, ती नुसती ध्वनिमुद्रित गाणं नव्हती. तिच्यात वाद्यांचे मूळ आवाज, म्हणजे सॅम्पल होते आणि ते कधी कसे वाजवायचे याची सगळी लिपीही होती. जेवणाच्या डब्याबरोबर पाककृती आणि मसाल्याचा डबाही घरी यावा, तसं. तुमच्याकडे मॉड आला की तुम्ही तो ट्रॅकरमध्ये उघडायचा, एकेक चॅनेल बंद करून बघायचा आणि आवाज कुठून येतोय ते शोधायचं. चारच चॅनेल असताना या पोराने तीन स्वरांची कॉर्ड एकाच चॅनेलवर कशी बसवली? ओळ बघितली की कळायचं: अर्पेजिओची आज्ञा दिली आहे, तीन स्वर इतक्या झपाट्याने आलटून पालटून वाजतात की कानाला ते एकत्र भासतात.

म्हणजे इथे श्रोता आणि संगीतकार यांच्यात फारसं अंतरच नव्हतं. अभिप्राय देताना 'मधला भाग जरा कंटाळवाणा वाटतो' असं मोघम बोलायची गरज नव्हती. 'बाराव्या पॅटर्नमध्ये तिसरा चॅनेल बंद करून ऐक, मग बास कसा मोकळा होतो बघ' असं बोलता यायचं. आपल्याकडच्या शब्दांत सांगायचं तर ही दाद नव्हे, ही तालीम झाली.

सुरुवातीला हे सगळं पोस्टाने चालायचं. युरोपभर पसरलेली ही बहुतेक पंधरा-वीस वर्षांची मुलं फ्लॉपी डिस्क पाकिटात घालून एकमेकांना पाठवायची. तिकिटांचा खर्च परवडेना म्हणून तिकिटावर गोंदाचा पातळ थर द्यायचा. मिळालेल्याने पोस्टाचा शिक्का धुऊन काढायचा आणि तेच तिकीट परत पाठवायचं. (पोस्ट खात्याने हे ऐकू नये.) उत्तराची वाट बघण्यात दिवस नाही, आठवडे जायचे.

आणि संगीतकार बोलायचा कुठे? फाइलच्या आतच. मॉडमध्ये प्रत्येक सॅम्पलला नाव द्यायला बावीस अक्षरांची जागा असायची. ओबार्स्कीच्या मूळ प्रोग्रॅममध्ये अशा पंधरा ओळी होत्या, नंतर एकतीस झाल्या. तिथे 'बास', 'स्नेअर' असं लिहिणं अपेक्षित होतं. मुलांनी तिथे पत्रं लिहायला सुरुवात केली. मित्रांना नमस्कार, स्वतःचा पत्ता, हा ट्रॅक कोणत्या मनःस्थितीत केला ते, 'आवडला तर लिहा, नाही आवडला तरी लिहा' आणि हमखास एक धमकी: माझे सॅम्पल चोरू नका. एकतीस ओळी गुणिले बावीस, म्हणजे ६८२ अक्षरं. नंतर १९९५ साली ऑस्ट्रेलियाच्या जेफ्री लिमने इम्पल्स ट्रॅकर केला, तेव्हा त्यात निरोपासाठी वेगळी जागाच ठेवली.

ती धमकी उगाच नव्हती. ज्या उघडेपणामुळे शिकता यायचं त्याच उघडेपणामुळे चोरताही यायचं, आणि चोरणाऱ्याला या मंडळींत 'लेमर' ही शिवी होती. भाषा एकूणच उग्र. नवख्याला सांभाळून घेणारे होते तसे त्याला सोलून काढणारेही होते. त्या काळाबद्दल हल्ली फार गोड बोललं जातं, म्हणून हे सांगतो.

मी हे संगीत ऐकलं ते पुष्कळ उशिरा, २००० सालच्या आसपास पुण्यात, संगणकाच्या मासिकाबरोबर आलेल्या एका सीडीवरून. फास्टट्रॅकर २ मध्ये एक फाइल उघडली. त्यातला भरदार बास मला गूढ वाटायचा. बघतो तर एकच सॅम्पल दोन चॅनेलवर, आणि त्यातला एक स्वर केसभर उतरवलेला. बस्स, एवढंच! कोणी शिकवलं नाही, पुस्तक नाही, क्लास नाही. गाण्याने स्वतःच सांगितलं.

या जगात जाहीर परीक्षाही होत्या. फिनलंडची 'असेम्ब्ली' १९९२ पासून भरते. मोठा हॉल, शेकडो संगणक, आणि संगीताच्या स्पर्धेत निवडक ट्रॅक भल्यामोठ्या स्पीकरवर वाजवून प्रेक्षकांचं मत घ्यायचं. तिथे निकाल मिळायचा, क्रमांक मिळायचा. कारण मिळेलच असं नाही. तरी या तालमीतून माणसं घडली. अलेक्झांडर ब्रँडन आणि मिखिल व्हान डेन बॉस यांनी १९९८ च्या 'अनरियल' या गेमचं संगीत याच पद्धतीच्या मॉड्यूलमध्ये केलं. फिनलंडने २०२० साली हा सगळा 'डेमोसीन' आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतला. धुतलेल्या तिकिटांना एवढी प्रतिष्ठा मिळाली म्हणायची.

मग एमपी३ आली आणि डबा सीलबंद झाला. आवाज उत्तम, कोणतंही वाद्य, कितीही चॅनेल, पण आत बघायची सोय नाही. ऐकणाऱ्याला तयार पदार्थ मिळाला आणि पाककृती स्वयंपाकघरातच राहिली. १९९७ साली सुरू झालेल्या एमपी३डॉटकॉमवर हजारो स्वतंत्र संगीतकारांनी ट्रॅक ठेवले. कंपनीने पुढे ऐकण्याच्या संख्येवर पैसे द्यायला सुरुवात केली आणि अर्थातच 'तू माझं ऐक, मी तुझं ऐकतो' हा व्यवहार सुरू झाला. २००३ च्या अखेरीस ते दुकान बंद झालं.

अभिप्रायाचा खरा विचार केला तो गॅरेजबँडडॉटकॉमने (ॲपलच्या प्रोग्रॅमशी याचा संबंध नाही). 'टॉकिंग हेड्स'चा जेरी हॅरिसन हा त्याच्या संस्थापकांपैकी एक. नियम असा की फुकटात आपलं गाणं चढवायचं तर आधी दुसऱ्यांची गाणी ऐकून त्यांवर लिहायचं. कोणाचं गाणं आहे हे ऐकताना कळणार नाही. दोन गाणी समोर, त्यांची तुलना करायची. कल्पना मला आजही आवडते. नाव झाकलं की ओळखीपाळखीचा प्रश्न मिटतो. पण सक्तीचा अभिप्राय हा सक्तीच्या श्रमदानासारखा असतो, काही जण मनापासून करतात आणि बाकीचे फावडं हातात धरून उभे राहतात. शिवाय, तालवाद्यांशिवाय सात मिनिटं हळूहळू उलगडणारा ट्रॅक एखाद्या रॉक गाण्यासमोर ठेवला, तर तुलना कशाची करायची?

याच काळात ओव्हरक्लॉक्ड रीमिक्सने वेगळा रस्ता धरला. १९९९ साली डेव्हिड लॉइड यांनी सुरू केलेला हा उपक्रम, गेमच्या संगीताच्या नव्या मांडणीचा. आलेला ट्रॅक घ्यायचा की नाही हे परीक्षकांचं मंडळ ठरवतं आणि प्रत्येक परीक्षक आपलं मत कारणांसकट जाहीर मांडतो. त्यांच्याकडे एक तिसरा निकाल आहे: 'आत्ता नाही, सुधारून परत पाठव'. आपल्याकडच्या किती स्पर्धांत हा निकाल असतो?

आता साउंडक्लाउड. अलेक्झांडर ल्युंग आणि एरिक वॉलफोर्स या स्वीडिश जोडीने २००७ मध्ये बर्लिनला त्याची स्थापना केली. दोघेही आवाजाच्या धंद्यातले. त्यांना हवी होती ती अर्धवट ट्रॅक एकमेकांना ऐकवण्याची सोय. म्हणून त्यांनी गाण्याची तरंगरेषा पडद्यावर आडवी पसरली आणि तिच्यावर नेमक्या सेकंदाला शेरा लिहायची सोय केली. 'दोन मिनिटं चौदा सेकंदांवर टाळी लवकर पडते' असं बोटाने दाखवता यावं, हा हेतू. हरवलेली जागा परत मिळाली.

पण झालं काय, तर तिथे बैठक भरली. गायक समेवर आला की श्रोते 'क्या बात है' म्हणतात, तसं बीट पडायच्या क्षणी शेऱ्यांचा ढीग. मी याला नावं ठेवत नाही. दाद योग्य जागी मिळते आहे, आणि दाद कुठे पडते यावरूनही कलाकाराला पुष्कळ कळतं. फक्त बैठकीनंतर, चहा पिताना, गुरुजी जे हळू आवाजात सांगतात, ते रेषेवर कोण लिहिणार? चारचौघांत चूक दाखवायला माणूस कचरतोच.

दादही न मिळाल्याचं टोकाचं उदाहरण आपल्या मुंबईतलं आहे. हिंदी चित्रपटसंगीतात वादक असलेले चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलँडच्या यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बांधले. रेकॉर्ड निघाली, खपली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगभरचे लोक 'हे तर अॅसिड हाउस, आणि तेही शिकागोच्या आधी' म्हणून थक्क झाले. पहिला मोठा अभिप्राय यायला अठ्ठावीस वर्षं! २०१५ मध्ये ते गेले.

तर तक्रार करणाऱ्यांना मी सध्या एवढंच सुचवतो: तयार फाइलबरोबर वाद्यांचे वेगवेगळे ट्रॅकही पाठवा आणि एक नेमका प्रश्न विचारा. गेल्या महिन्यात एका श्रोत्याने तसं केलं. प्रश्न होता, 'एक मिनिट चाळीस सेकंदांनंतर बास गढूळ का होतो?' मी पॅड बंद करून ऐकलं. बासला काहीच झालं नव्हतं, पॅडचा खालचा भाग त्याच्यावर बसला होता. तसं कळवलं. त्याने तो भाग छाटला, तर आता पॅड पातळ वाटतो आणि बास नको तितका पुढे येतो. सध्या आम्ही तिसऱ्या आवृत्तीवर आहोत.