पारध आणि परवाना

मंडळी, सिल्व्हर पार्कच्या नाक्यावरून पूर्वेस पाहिले म्हणजे इमारतींच्या फटींतून डोंगराची रांग दिसते. आपण तिला नॅशनल पार्क म्हणतो, बिबट्याची बातमी आली की तिची आठवण काढतो आणि पुन्हा आपल्या उद्योगाला लागतो. परंतु या रानाच्या आसऱ्याने वारली, कातकरी पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. त्यांच्या शिकारीचे काय झाले, एवढीच हकीकत आज आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत.

वारल्याची शेती भात-नागली-वरईची, आणि तीही पावसाच्या भरवशावरची. कणगी रिकामी झाली की रानातले कंद, ओढ्यातली मासळी आणि एखादा ससा किंवा तित्तर यांवर दिवस काढायचे. उभ्या पिकात रानडुकरे शिरत, तेव्हा पारध ही पिकाची राखणही असे. पाड्याने मिळून हाकारा घालावा आणि मांसाचे वाटे घरोघर जावेत, अशी ती रीत. हाच वारली वाघोबाला देव मानतो आणि वाघबारशीला त्याची पूजा करतो. अशा माणसाला रानाचा वैरी ठरवण्यापूर्वी आपण थोडे थांबावे.

१८७८ च्या जंगल कायद्याने सरकारने राने राखीव केली. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत इतका असंतोष माजला की १८८५ साली सरकारला चौकशीसाठी कमिशन नेमावे लागले. जोतीराव फुल्यांनी १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्यावर कोरडे ओढले, ते याच काळात. पुढे १९२७ च्या कायद्याच्या २६ व्या कलमाने राखीव रानात नियमांविरुद्ध शिकार करणे आणि फासे लावणे गुन्हा ठरला. साहेब मात्र परवाना घेऊन बंदूक चालवीत होता. त्याने केली ती शिकार, वारल्याने केली ती चोरी!

स्वातंत्र्य आले, तरी हा भेद लगेच मिटला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मुळात पैसे भरून शिकारीचा परवाना मिळण्याची सोय होती. ती १९९१ च्या दुरुस्तीने गेली. त्याच कायद्याच्या ६५ व्या कलमाने निकोबार बेटांवरील आदिवासींचे शिकारीचे हक्क राखले. ठाण्याच्या वारल्यासाठी तसे कलम कोणी घातले नाही. २००६ च्या वन हक्क कायद्याने जमीन, मध, कंद, बांबू यांवरचे पारंपरिक हक्क मान्य केले. शिकारीचा हक्क मात्र त्यातून स्पष्ट शब्दांत वगळला.

मग शिकार पुन्हा मोकळी करावी काय? आमचे तसे म्हणणे नाही. रान उरले आहे थोडे. हे उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे, आणि त्याच्या भोवती महानगर वाढले आहे. डुकरासाठी लावलेल्या तारेच्या फाशात बिबट्याही सापडून मरतो. जुन्या हाकाऱ्याची नीती या फाशाला लागू पडत नाही. बंदी योग्य आहे, हे आम्ही मान्य करतो.

परंतु आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आमचा प्रश्न निराळा आहे. १९५३ साली औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती झाली आणि कामावरून कमी केलेल्या कामगाराला नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार देणे मालकावर बंधनकारक झाले. समाजाच्या सोयीसाठी कुणाची रोजी जात असेल, तर त्याचे मोल द्यावे लागते, हे तत्त्व देशाने गिरणीत मानले. रानात का मानू नये? ज्याच्या ताटातला ससा गेला, त्याच्या ताटात दुसरे काय आले, ही चौकशी बंदी घालणाऱ्यांनीच करावयास हवी होती.

मार्ग नाही असे नाही. २००६ च्या कायद्याचे पाचवे कलम वन्यजीवांच्या रक्षणाचा अधिकार आणि जबाबदारी हक्कदारांवर व ग्रामसभेवर टाकते. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवून आपल्या रानाचा कारभार हाती घेतला. विचारून केलेला नियम माणूस स्वतः राखतो; न विचारता लादलेल्या नियमावर पहारा बसवावा लागतो. या डोंगराची हवा आपण नगरवासी रोज घेतो. तिची किंमत पाड्यावरच्या माणसाने एकट्याने का भरावी, याचा विचार आपण घरी जाताना करावा, एवढीच विनंती.